घरचे छंद : जयपूरचा समुद्र आणि निळा दांडगेश्वर

जयपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र या महिन्याच्या विषयास कारण झाले आहे. त्यांच्या दिवाणखान्यात साडेतीन फूट लांबीचे, सुमारे सव्वादोनशे लिटर खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आहे. त्यात प्रथम जो मासा आला तो बोटाएवढा, नीलमण्याच्या रंगाचा डॅमसेल. पुढे आणलेल्या चार माशांपैकी दोघांना त्याने टोचून टोचून मारले. तिसरा पाण्याच्या पृष्ठभागाशी एका कोपऱ्यात अंग चोरून उभा असतो व अन्नास तोंड लावीत नाही. धाकट्या मुलीने त्या निळ्याचे नाव 'कंस' ठेवले आहे. वडीलमंडळींचा विचार असा की, त्याला जलमहालापाशी मानसागर तलावात सोडून मोकळे व्हावे. मुलीला ती कल्पना सोसत नाही, आणि कोपऱ्यातल्या माशाचे हालही बघवत नाहीत. मासा दुष्ट असू शकतो काय, असे बाईंनी शेवटी विचारले आहे.

मुलीचा प्रश्न वडीलमंडळींच्या तोडग्यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करू.

डॅमसेल हा प्रवाळखडकावरील छोटा जमीनदार होय. त्याच्या काही जाती खडकाचा एखादा तुकडा आपलासा करून त्यावर शेवाळ राखतात. दुसऱ्या कोणी त्यास तोंड लावू नये म्हणून ते आपल्याहून दहापट मोठ्या माशावरही धावून जातात. विणीच्या काळी खडकाला चिकटविलेली अंडी राखण्याचे काम नराकडे असते. त्या वेळी तर पाणबुड्याच्या हातालाही चावायला तो कमी करीत नाही. मात्र समुद्रात या भांडणाला एक मर्यादा असते. उपरा मासा दोन-चार हात दूर पळाला की हद्द संपते, पाठलाग थांबतो, मालक आपल्या खडकाकडे परततो. पळणाऱ्याचे दोन-चार खवले गेले तर गेले. काचेच्या पेटीत हद्दीबाहेर पळून जाण्यास जागाच नसते. हरलेला मासा हरल्याचे दाखवितो, पण दूर जाऊ शकत नाही, आणि मालकाच्या दृष्टीने तो अजून हद्दीतच असतो. म्हणून पाठलाग थांबत नाही. दुष्टपणा माशाचा नव्हे, तो भिंतीचा आहे.

दुसरे कारण आगमनाच्या क्रमात आहे. डॅमसेल स्वस्त व काटक असल्यामुळे नव्या टाकीत प्रथम तोच घाला असे दुकानदार सांगतात, आणि नवशिका ते ऐकतो. आगगाडीच्या डब्यात पहिल्या स्टेशनावर चढलेला प्रवासी पुढच्या स्टेशनावर चढणाऱ्यांकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आपण सर्व जाणतोच. काही महिने एकट्याने राहिलेला डॅमसेल सबंध पेटी आपली समजतो. यास्तव नियम असा की, भित्रे व शांत मासे आधी आणावेत आणि दांडगा सर्वांच्या शेवटी.

ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कॉनराड लोरेंझ यांनी १९६३ साली आक्रमकतेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आरंभच प्रवाळमाशांच्या निरीक्षणाने होतो. फ्लोरिडाच्या समुद्रात व आपल्या टाक्यांत त्यांना असे आढळले की, हे मासे परजातीयांपेक्षा स्वजातीयांवर कितीतरी अधिक तुटून पडतात. स्वजातीय न मिळाल्यास रंगरूपाने जवळचा असेल त्याच्यावर राग निघतो. माशांच्या भडक रंगांविषयी त्यांनी काढलेले अनुमान सर्वत्र लागू पडत नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु गृहस्थाला उपयोगी पडणारा भाग अजून खरा आहे : एकाच जातीचे, एकाच आकाराचे किंवा एकाच रंगाचे दोन मासे लहान पेटीत ठेवू नयेत. निळ्याच्या सोबतीला दुसरा निळा आणणे म्हणजे भांडणाला अक्षता देणे होय.

आता जयपूरविषयी. मुंबईला १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा समुद्र त्याच्या समोरच होता. जयपूरकरांना मात्र समुद्र घरी तयार करावा लागतो. सांभर सरोवर जवळ आहे म्हणून तेथील मीठ पाण्यात घालावे, असा मोह काहींना होतो. तो टाळावा. सांभरचे मीठ मुख्यतः स्वयंपाकाचे मीठच आहे. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट इत्यादी द्रव्ये ठराविक प्रमाणात असतात, व त्यांवाचून समुद्री जीव जगत नाहीत. मत्स्यालयासाठी मुद्दाम बनविलेले मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मानाने विरघळवावे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, मीठ मात्र मागे राहते. १०० लिटरांतील १० लिटर उडाले तर लिटरमागे ३५ ग्रॅमचे जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरून काढावी, खाऱ्या नव्हे.

उन्हाळ्याचा तर भांडणाशी थेट संबंध आहे. ग्रेट बॅरियर रीफमधील डॅमसेल माशांवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पाणी तीन अंशांहूनही कमी तापले तरी काही मासे कित्येक पटींनी अधिक धीट व आक्रमक होतात. पाणी साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस राहावे. ज्या शहरात ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेथे हे काम शीतयंत्रावाचून होत नाही. ते शक्य नसेल, तर प्रवाळमाशांचा छंद आरंभूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दांडगाई सुरू झाली म्हणजे काय करावे? प्रथम दोन दिवस केवळ पाहावे. नवा मासा आल्यावर थोडा पाठलाग होतोच व तो आपोआप शमतो. पण पर फाटलेले, अन्न सोडलेले, कोपऱ्यात पृष्ठभागाशी थांबून राहणे, ही चिन्हे दिसली तर वाट पाहू नये. जयपूरच्या पेटीत ती तिन्ही आहेत.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे खडकांची मांडणी बदलणे. हद्दीच्या खुणाच हलल्या की मालक गोंधळतो आणि सर्वांना घरे नव्याने शोधावी लागतात. मांडताना प्रत्येक माशाला एकाहून अधिक बिळे मिळतील, आणि एका टोकाकडून दुसरे टोक दिसणार नाही, असे पाहावे. नवा मासा आणला तर त्यास चार-सहा दिवस सच्छिद्र पारदर्शक डब्यात घालून तो डबा टाकीतच टांगावा. जुन्याला त्याची सवय होते, व सोडावयाचा तो दिवे मालविल्यावर सोडावा. पेटीच्या बाहेरून आरसा लावण्याची एक गमतीची युक्ती आहे : दांडगा आपल्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला स्थिरावण्यास अवधी मिळतो. दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे अन्न पेटीच्या दोन्ही टोकांस टाकल्यानेही तंटा कमी होतो.

एवढे करूनही भागले नाही, तर दांडग्यालाच बाहेर काढावे. सेवादंड म्हणून त्यास दहा-पंधरा दिवस दुसऱ्या टाकीत ठेवून परत आणले, तर या वेळी तो स्वतः उपरा ठरतो. बऱ्याचदा त्याची मस्ती तेवढ्याने उतरते. जयपूरच्या भगिनींनी आज हेच करावे, आणि कोपऱ्यातला मासा खाऊ-पिऊ लागेपर्यंत निळ्याला परत आणू नये. मात्र त्याला जाळी घेऊन पेटीभर हाकलू नये. त्याने सर्वच मासे घाबरतात. प्लॅस्टिकच्या बाटलीचे तोंड कापून उलटे आत बसवावे व आत अन्न ठेवावे. कोकणातील ओढ्यांत बांबूचे सापळे लावतात, त्याच तत्त्वाचा हा घरगुती सापळा. हावरा मासा त्यात आपण होऊन शिरतो.

इतर काही दांडग्यांविषयी थोडक्यात. सर्जन माशाच्या शेपटीच्या बुडाशी शस्त्रासारखा धारदार काटा असतो. तो जाळ्यात अडकतो, म्हणून त्यास भांड्याने धरावे. शिवाय एवढी पेटी त्याला पुरत नाही. ट्रिगर मासा बिळात शिरून पाठीचा काटा अडकवितो, तेव्हा त्यास ओढू नये. लायनफिश भांडत नाही, तोंडात मावेल त्यास मुकाट्याने गिळतो. पण त्याचे काटे विषारी आहेत, लहान मुलांच्या घरी तो नसावा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवून डॉक्टरांना गाठावे.

तलावात सोडण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. मानसागर गोड्या पाण्याचा आहे. समुद्री माशाच्या अंगात तेथे पाणी घुसत राहते, क्षार निघून जातात, आणि तो तडफडून मरतो. मुलीच्या डोळ्यांआड झाले म्हणून ते मरण सौम्य होत नाही. आणि किनाऱ्यावरच्या वाचकांनीही मासा समुद्रात सोडू नये. फ्लोरिडाजवळ १९८५ साली प्रथम दिसलेला लायनफिश बहुधा मत्स्यालयांतूनच सुटलेला होता. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून तेथील लहान माशांचा फडशा पाडीत आहे. दुकानदाराला परत द्यावा, किंवा स्वतंत्र पेटी असलेल्या छांदिष्टाला.

पत्रात शेवटी, पेटीत जिवंत प्रवाळ लावावे काय, असेही विचारले आहे. नाही. खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही तसेच. आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ, जिवंत असो वा मेलेले, घरी बाळगणे हा गुन्हा आहे. बनविलेला खडक माशांना तितकाच मानवतो.

मासेही शक्यतो पैदाशीचेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जोकर माशांची व काही डॅमसेलांची पैदास बंदिवासात साधली आहे. आपल्या ऐरोलीच्या केंद्रातही जोकर माशांची पैदास झाली आहे. जोकरांची जोडीच ठेवावी, तीही एक मोठा व एक लहान अशी. मोठा मासा मादी असतो. ती मेली तर उरलेला नर स्वतःच काही काळाने मादी होतो. अशा वेळी तिच्याएवढा मोठा मासा आणून बसविला तर पुन्हा युद्ध जुंपते. उरलेल्यापेक्षा लहान, कोवळे पिल्लू आणावे.