उन्हावरचा फवारा : डबीवर काय आणि डबीत काय

धुळ्याकडून येणारा रस्ता जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला येऊन मिळतो, तेथे सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे गाव आहे. भोवताली उसाचे मळे, जवळच चलथाणचा साखर कारखाना आणि कडोदऱ्याच्या अंगाला कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या. दिवाळीच्या सुमारास खानदेशातून आणि डांगातून ऊसतोडणीची कुटुंबे या मुलखात उतरतात, ती उन्हाळा तापेपर्यंत येथेच राबतात. पलसाण्याच्या आकाशात मे महिन्याच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. ज्यांचे पोट उन्हातल्या कामावर चालते, अशा या माणसांना ऊन चुकविता येत नाही. ते सोसावेच लागते.

उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारा फवारा, ज्याला सनस्क्रीन स्प्रे म्हणतात, तो हल्ली शहरातून खेड्यात येऊ लागला आहे. औषधाच्या दुकानात तो मिळतो, मोबाईलवरून मागविला तर घरपोच येतो. कॉलेजात जाणाऱ्या मुली तो मागतात. मुलगा उन्हातान्हात काम करतो म्हणून आईलाही तो घ्यावासा वाटतो. घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न पैशाचा आहे तसाच आरोग्याचाही आहे. म्हणून या सदरात आज आम्ही त्या डबीची पारख करावयाचे योजिले आहे. कोणा एका कंपनीचे नाव आम्ही घेणार नाही, कारण एक डबी वाचावयास आली की सर्वच डब्या वाचता येतात.

प्रथम डबीवरचे मोठे अक्षर पाहू. ‘एसपीएफ ३०’ किंवा ‘एसपीएफ ५०’ असे तेथे छापलेले असते. सूर्याच्या ज्या अतिनील किरणांनी त्वचा भाजते, ते किती अडविले जातात, याचे हे माप. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के किरण अडवितो. म्हणजे ३० वरून ५० वर गेल्याने आकडा बराच फुगतो, संरक्षण मात्र टक्क्याभरानेच वाढते. अतिनील किरणांची दुसरी एक जात त्वचेत अधिक खोल शिरते; तिने त्वचा काळवंडते, सुरकुतते. तिच्यासाठी ‘पीए’ आणि त्यापुढे अधिकाची चिन्हे असतात. ही पद्धत जपानातून आली. चिन्हे जितकी अधिक, तितके रक्षण अधिक. ज्या डबीवर केवळ एसपीएफ आहे आणि या दुसऱ्या किरणांविषयी अवाक्षर नाही, ती अर्धीच गोष्ट सांगते असे समजावे.

परंतु हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, आणि खरी मेख येथेच आहे. तेथे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन माप घेतात. घरात कोणीही इतका थर लावीत नाही. थर निम्मा झाला की संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. आता आपल्या हिशेबाने पाहू. चेहरा व मान यांस एक चहाचा चमचा आणि दोन्ही हातांस एकेक चमचा, असे तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर लागतात. घामाने व पुसण्याने ते निघून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे असे तज्ज्ञ सांगतात. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत रानात असणाऱ्या माणसास चार वेळा लावावे लागेल. एका दिवसाचे ६० मिलिलिटर झाले. शंभर मिलिलिटरची बाटली एकाच माणसाला दोन दिवसही पुरत नाही! घरात दोघे राबत असतील तर रोज एकीहून अधिक बाटली हवी. हे कोणत्या मजुराच्या मिळकतीत बसणार? आणि जो कोणी एकच डबी दोन महिने पुरवितो, त्याला संरक्षण मिळत नाही, मिळते ते केवळ समाधान.

फवाऱ्याच्या बाबतीत हा घोटाळा आणखी वाढतो. मलम बोटावर दिसते, फवारा दिसत नाही. किती त्वचेवर बसला आणि किती वाऱ्याने नेला, हे कळत नाही. ऑस्ट्रेलियात उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तेथील कर्करोग परिषद उन्हापासून रक्षणाचा अहोरात्र प्रचार करते, तरीही वायूच्या दाबाने उडणारा फवारा वापरण्याची शिफारस ती करीत नाही. कारण हेच, की पुरेसा थर बसला की नाही हे वापरणाऱ्यास समजत नाही.

आता डबीची मागची बाजू पाहू. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे, आणि एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. म्हणून यादीतील पहिली चारपाच नावे नीट वाचावीत. ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन अशी नावे दिसली तर तो डबीतील द्रव बाहेर ढकलणारा वायू होय. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये याच जातीचा वायू असतो. त्यापाठोपाठ बहुधा अल्कोहोल असते. अंगावर फवारताच जो गारवा वाटतो तो या झटकन उडून जाणाऱ्या पदार्थांचा. म्हणून चुलीजवळ, शेगडीजवळ, बिडी ओढताना किंवा गिरणीच्या बॉयलरपाशी हा फवारा कधीही मारू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये असे पाच प्रसंग नोंदविले, की फवारा मारून विस्तवाजवळ गेलेल्या माणसांना गंभीररीत्या भाजले. डबी उन्हात तापलेल्या ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवणे हेही तितकेच धोक्याचे. काही बाटल्यांत वायू नसतो, बोटाने दाबावयाचा पंप असतो. त्या या दृष्टीने बऱ्या.

त्यानंतर येतात किरण अडविणारी द्रव्ये. ती दोन जातींची. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे. ती त्वचेच्या वर थर धरून राहतात. ॲव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन, ऑक्सिबेन्झोन ही दुसऱ्या जातीची. ती किरण शोषून घेतात. यांतील ॲव्होबेन्झोन उन्हातच हळूहळू विरते, आणि ऑक्टिनॉक्सेट सोबतीला असले तर अधिकच वेगाने. ऑक्टोक्रिलीन त्याला धरून ठेवते. २०१९ आणि २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ही द्रव्ये त्वचेतून रक्तात उतरतात असे दिसले. रक्तात उतरली म्हणजे अपाय झालाच, असे मात्र नव्हे. तेथील प्रशासनाने वापर थांबवा असे सांगितले नाही, अधिक अभ्यास हवा एवढेच म्हटले. सध्या पुरेसा भरवसा आहे तो त्या दोन खनिजांवर. पण तीही फवाऱ्यातून श्वासात जाऊ नयेत. त्यामुळे फवारा चेहऱ्यावर थेट कधीच मारू नये. तळहातावर घेऊन मग चोळावा. तान्ह्या मुलांच्या आसपास तर डबी उघडूच नये. सहा महिन्यांखालील बाळाला सावली आणि कपडा हेच योग्य.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत छापलेली सापडणार नाही. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील व्हॅलिशूअर नावाच्या प्रयोगशाळेने उन्हावरच्या मलमांचे व फवाऱ्यांचे २९४ घाणे तपासले. त्यांपैकी ७८ मध्ये बेन्झीन आढळले. बेन्झीन हे रक्ताचा कर्करोग करणारे म्हणून जगन्मान्य झालेले विष. ते कोणी मुद्दाम घातले नव्हते. खनिज तेलापासून मिळणाऱ्या वायूबरोबर ते आत शिरत असावे, असा संशय घेतला गेला. त्याच वर्षी जुलै महिन्यात जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने आपले पाच प्रकारचे फवारे अमेरिकेच्या बाजारातून परत मागविले. सर्वच फवारे विषारी आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण डबीवर छापलेली यादी ही शेवटचा शब्द नव्हे, एवढे यावरून शिकावे. आकड्यांचेही तसेच. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘चॉइस’ या ग्राहकसंस्थेने २० सनस्क्रीन तपासले. त्यांपैकी १६ आपल्या छापील एसपीएफपर्यंत पोहोचले नाहीत. त्या देशात ही वस्तू औषधाप्रमाणे कडक देखरेखीखाली असते. आपल्याकडे ती सौंदर्यप्रसाधनांत मोडते.

राहिले दावे. ‘दिवसभर संरक्षण’ हे खोटे, कारण दोन तासांचे गणित वर आलेच आहे. ‘घामाने न निघणारे’ असे लिहिण्यास अमेरिकेने २०११ च्या नियमांनी मनाई केली. तेथे पाण्यात ४० किंवा ८० मिनिटे टिकते, एवढेच सांगता येते. ‘रसायनविरहित’ हा शब्द तर पोकळच. पाणीदेखील रसायनच आहे. ‘गारवा देणारे’ हा दावा आम्हांस सर्वांत घातक वाटतो. हा फवारा किरण अडवितो, उष्णता नव्हे. अंगावर तो असतानाही उष्माघात होतो आणि माणूस दगावू शकतो. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली. तिच्यात भर होता तो पूर्वसूचनेवर, पाण्यावर, सावलीवर आणि दवाखान्यांच्या तयारीवर. पाणी, मीठ-साखरेचे पेय आणि दुपारची विश्रांती यांची जागा कोणतीही डबी घेऊ शकत नाही.

‘रंग उजळतो’ या दाव्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. आपली सावळी कातडी हा दोष नव्हे. तिच्यातील रंगद्रव्य हीच निसर्गाने दिलेली ढाल आहे, आणि तिच्यामुळेच गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो. सावळेपणा म्हणजे अपयश असे दाखविणाऱ्या जाहिरातींना भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच हरकत घेतली. तरीही ज्या घरात मुलीला ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ असे रोज ऐकविले जाते, त्या घरात जाहिरातदाराचे अर्धे काम आपणच करून ठेवतो. मुलीचे मोल तिच्या वर्णावर ठरविणाऱ्या घराने डबी घेण्याआधी आपले बोलणे तपासावे.

मग ही वस्तू निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावी १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या प्रयोगात रोज मलम लावणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. तेथील लोक गोरे होते, हे खरे. परंतु आपल्याकडेही काहींना त्याची निकड असते. चेहऱ्यावर वांग असलेल्या स्त्रिया, ज्यांच्या अंगावर उन्हाने पुरळ उठते ते, डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असणारे आणि जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य नसलेली माणसे, यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जरूर वापरावे. मात्र फवारा न घेता साधे मलम घ्यावे. एसपीएफ ३०, ‘पीए’ची तीन चिन्हे, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहून घ्यावे.

बाकीच्यांची ढाल कपड्याची. घट्ट विणीचे, सैल, पूर्ण बाह्यांचे आणि शक्यतो गडद रंगाचे कापड पातळ पांढऱ्या सुतापेक्षा किरण अधिक अडविते. सुरतेच्या गिरण्यांतले पॉलिएस्टर किरण चांगले रोखते, पण घाम जिरवीत नाही. म्हणून राबणाऱ्या अंगाला जाड सुतीच बरे. डोक्याला रुंद काठाची टोपी किंवा मानेवर उतरणारे फडके असावे. डोळ्यांनाही जपावे, कारण ऊन मोतीबिंदूस हातभार लावते. वेळ ओळखण्यासाठी घड्याळ नको. आपली सावली आपल्याहून आखूड झाली की किरण प्रखर झाले असे समजावे आणि साधेल तितके झाडाखाली यावे.

आणि एक सांगणे मुकादमांस व मळेवाल्यांस. तोडणीवाल्याला सावली मागून मिळत नाही, ती आपण द्यावयाची असते. बांधावर एक ताडपत्री, एक पाण्याची टाकी आणि दुपारचे दोन तास सुटी, एवढ्याने जितकी माणसे वाचतील तितकी फवाऱ्याने वाचणार नाहीत.