ट्रेलर आधी, पिकअप नंतर

घरच सोबत घेऊन फिरायची हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. चामराजपेटेत बसून गोकर्ण, गोवा, कोकण असा बेत आखायला तर नकाशाही लागत नाही. बेत ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘ट्रेलर ओढायला पिकअप कुठली घ्यावी?’

खरं तर हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की ट्रेलर कुठला आणि भरल्यावर त्याचं वजन किती?

रिकामं वजन विसरा

विक्रेता सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. समजा, ते 1,200 किलो आहे. त्यात 100 लिटर पाणी भरलं की 100 किलो वाढले. बॅटरी, गाद्या, भांडी, शिधा, खुर्च्या मिळून आणखी दोनशे धरा. झाले 1,500 किलो. हिशोब या आकड्यावर करायचा.

ओढण्याइतकंच पेलणंही महत्त्वाचं

बैलगाडी आठवा. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचंही तसंच. जोडणीच्या हुकावर भार फार कमी पडला, तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही हलवतो. अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी सर्वसाधारण नियम आहे, की एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा. म्हणजे आपल्या उदाहरणात किमान 150 किलो.

हे दीडशे किलो पिकअपच्या पाठीवर येतात. त्यात पाच माणसांचे सव्वातीनशे आणि मागच्या हौद्यातल्या सामानाचे शंभर मिळवा. पावणेसहाशे झाले! पिकअप कितीही ‘ओढू’ शकत असली, तरी तिची भारक्षमता इथेच संपू शकते. म्हणून पुस्तिकेतले तीन आकडे पाहा : एकूण भारक्षमता, ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्याची मर्यादा आणि हुकावरच्या भाराची मर्यादा. तिन्हींत थोडी शिल्लक राहिली पाहिजे.

इंजिन आणि घाट

आपल्याकडे कुटुंबासाठी दोन ओळखीच्या पिकअप आहेत. इसुझू व्ही-क्रॉसमध्ये 1.9 लिटर डिझेल इंजिन, 360 न्यूटन-मीटर टॉर्क. टोयोटा हायलक्समध्ये 2.8 लिटर, मॅन्युअलला 420 आणि ऑटोमॅटिकला 500 न्यूटन-मीटर. ओढण्यासाठी अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क कामाला येतो.

पण सगळे चढाचाच विचार करतात. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच आहे. किनाऱ्याकडे जायचं म्हणजे ती उंची आधी उतरायची! शिराडी असो वा आंबोली, मागून दीड टन ढकलत असताना नुसत्या ब्रेकवर विसंबलात तर ते तापून निकामी होतात. खालचा गिअर आणि इंजिनाचा रोध वापरा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात 750 किलोंवरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत.

कागद आणि जागा

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच. म्हणजे त्याची नोंदणी आणि विमा आला. हुक बसवणं हा गाडीतला बदल ठरू शकतो. कायद्याचं कलम 52 अशा बदलांबद्दलच आहे. पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडून लेखी खात्री करून घ्या.

आणि उभं कुठे करणार? चामराजपेटेची आखणी 1892 ची, गल्ल्या त्या काळच्या. सव्वापाच मीटरहून लांब पिकअप आणि मागे तेवढाच ट्रेलर हे क्रॉसच्या वळणावर मागे घेणं सोपं नाही. शहराबाहेर जागा मिळत असेल, तरच पुढे जा.

निघण्यापूर्वी

सगळं भरून, सगळ्यांना बसवून महामार्गावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर एकदा जा. थोड्या रुपयांत खरा आकडा कळतो. साखळी, दिवे, टायरची हवा रोज तपासा. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही बसवू नका. आजोबांना पाठ टेकायची असली तरी नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही.

वर्षातून दोनच सहली होणार असतील, तर भाड्याची कॅराव्हॅन घेऊन पाहा. ओढायचा प्रश्नच येत नाही, आणि आपल्या घरच्यांना हे फिरणं मानवतं का, हेही पैसे अडकण्याआधी कळतं.