विश्लेषण : शुल्क उतरते, फ्रँक चढतो, रोलेक्स की ओमेगा?

बरुआसागर (झाशी) : झाशीहून मऊरानीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव आल्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या मराठी वाचकाला ते 1744 मध्ये पेशव्यांच्या फौजा आणि बुंदेले यांच्यात झालेल्या लढाईमुळे ठाऊक असते. येथील अडत्याची शिल्लक परंपरेने जमिनीत जाते, नाहीतर सोन्यात. मात्र भारत आणि युरोपीय मुक्त व्यापार संघ (एफ्टा) यांच्यातील करार 1 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आल्यानंतर ‘स्विस घड्याळे स्वस्त होणार’ ही वार्ता महानगरांपुरती राहिलेली नाही. लहान गावांतील सधन ग्राहकही आता विचारतो, की आठ-दहा लाख रुपये मनगटावर बांधायचेच असतील, तर कोणते घड्याळ घ्यावे? अंगावर टिकेल आणि विकायची वेळ आली तर पैसेही परत देईल, असे.

स्वस्ताईच्या अपेक्षेचा हिशेब प्रथम तपासला पाहिजे. मनगटी घड्याळांवर 20 टक्के मूळ सीमा शुल्क आणि त्यावरील समाजकल्याण अधिभार मिळून सुमारे 22 टक्के भार होता. 10 मार्च 2024 रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या करारानुसार हे शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने संपणार आहे. वस्तू व सेवा कर मात्र 18 टक्के कायम आहे. दुसरीकडे, 2021 मध्ये सुमारे 80 रुपयांना मिळणारा स्विस फ्रँक 2025 च्या अखेरीस 110 च्या आसपास पोहोचला. म्हणजे सात वर्षांत जेवढी सवलत मिळायची, तिच्याहून अधिक रक्कम चलनाने चार वर्षांतच काढून घेतली आहे. त्यात कंपन्यांची नेमाने होणारी दरवाढ धरली, तर दुकानातील किंमतपट्टी प्रत्यक्षात खाली येईल, यावर फार विसंबून राहता येत नाही. दर टप्प्याला दरवाढ थोडी सुसह्य होईल, एवढेच म्हणता येईल.

पुनर्विक्रीच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. जुन्या घड्याळाचा भाव नेहमी नव्याच्या भावाकडे पाहून ठरतो. आज जवळजवळ पूर्ण शुल्क भरून घेतलेले घड्याळ पाच वर्षांनी विकायला काढले, तर समोर कमी शुल्काचे नवे घड्याळ उभे असेल. फ्रँक स्थिर राहिला, तर हा फरक विक्रेत्याच्या खिशातून जाईल. रुपया घसरत राहिला, तर तो झाकला जाईल. घड्याळ घेणारा नकळत रुपयाच्या भवितव्यावर पैज लावत असतो.

आता निवडीचा प्रश्न. एकाच वर्गातील दोन पोलादी घड्याळे समोर ठेवली जातात : रोलेक्सचे सबमरीनर आणि ओमेगाचे सीमास्टर डायव्हर 300 एम. दोन्ही 300 मीटर खोलीचे पाणी सोसतात, दोन्हींना पाच वर्षांची हमी आहे. सबमरीनरची परंपरा 1953 पासूनची. आजचे यंत्र पूर्ण चावीवर सुमारे 70 तास चालते, सीमास्टरचे 55 तास. मात्र सीमास्टर 15,000 गाऊसपर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात बिघडत नाही, आणि भ्रमणध्वनी, ध्वनिवर्धक, चुंबकी झडपांच्या पिशव्या यांनी वेढलेल्या आजच्या जगण्यात हा गुण खोल पाण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. धुळीच्या, घामाच्या रोजच्या वापरात सीमास्टर तसूभरही उणे नाही. किमतीत मात्र ते बरेच खाली आहे.

विक्रीच्या वेळी पारडे फिरते. ओमेगा दुकानात सहज मिळते, कित्येकदा सवलतीतही. त्यामुळे वापरलेले ओमेगा छापील किमतीच्या बरेच खाली जाते. रोलेक्सची लोकप्रिय पोलादी घड्याळे मागणीनुसार मिळत नाहीत. प्रतीक्षायादी असते आणि काचेआड ठेवलेले नग अनेकदा केवळ प्रदर्शनासाठी असतात. या टंचाईमुळेच वापरलेले सबमरीनर छापील किमतीच्या आसपास राहते. परंतु हा लाभ अधिकृत विक्रेत्याकडून छापील किमतीला घेणाऱ्याचा आहे. वाट न पाहता खुल्या बाजारात जादा रक्कम मोजणाऱ्याने तो लाभ आधीच दुसऱ्याला देऊन टाकलेला असतो. 2022 च्या आरंभी चढ्या भावाने घेणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांतच याचा प्रत्यय आला. त्या वर्षी मार्चनंतर जगभरचा दुय्यम बाजार उतरला आणि सर्वाधिक फुगलेली घड्याळेच सर्वाधिक घसरली.

सोन्याशी तुलना येथे अपुरी ठरते. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, गावातला सराफ ते तोलून लगेच पैसे देतो, बँक तारण घेते. पोलादी घड्याळाला यातले काही नाही. त्याचा ग्राहक दिल्ली-मुंबईत, देखभालीचे केंद्रही महानगरातच. मध्यस्थाचा नफा आणि कंपनीकडील देखभालीचा खर्च वजा केल्यावर हाती काय उरते, तोच खरा भाव.

त्या भावात कागदांचा वाटा मोठा असतो. मूळ पेटी, हमीपत्र, देयक आणि परदेशातून आणले असल्यास सीमा शुल्काची पावती नसेल, तर चांगला व्यापारी घड्याळ हाती घेतानाच किंमत पाडतो. दुबईहून प्रवासी सामानात आणलेल्या घड्याळाला एफ्टा कराराची सवलत लागू होत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. अस्सलपणाचे महत्त्व मुंबईच्या बाजाराने उलट्या बाजूने शिकवले आहे. जुन्या एचएमटी, फेव्हर ल्यूबा घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, इकडचे यंत्र तिकडच्या कवचात बसवून विकण्याचा उद्योग तेथे एवढा वाढला, की परदेशी संग्राहक अशा नगांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले. जी घड्याळे आपल्या वडीलधाऱ्यांनी पगारातून घेतली, त्यांची ही ओळख व्हावी, हे खेदजनक आहे. महागड्या घड्याळालाही तोच नियम लागू आहे. कवचाला चकाकी आणण्यासाठी केलेली अकुशल घासाई किंवा बदललेले काटे हजारोंचे नुकसान करतात.

22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर दुकानदार एक टक्का कर वसूल करतो. विवरणपत्र भरताना तो वळता करता येतो, पण खरेदी प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत जाते. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आधीपासूनच मनाई आहे. वैयक्तिक वापराचे साधे घड्याळ भांडवली मालमत्तेत मोडत नसल्याने त्यावरील नफा सामान्यतः करपात्र नाही. तोटाही मग कशात वजा करता येत नाही. सोन्याच्या वा रत्नजडित घड्याळाला ‘दागिन्या’ची व्याख्या लागू होऊ शकते, म्हणून तेथे कर सल्लागाराला विचारणे इष्ट.

बरुआसागरच्या ग्राहकापुरते बोलायचे, तर दहा वर्षे वापरायचे असेल आणि विकण्याचा विचार दूरचा असेल, तेव्हा सीमास्टर घेऊन उरलेली रक्कम सराफाकडे किंवा ठेवीत ठेवणे अधिक शहाणपणाचे वाटते. सबमरीनर घ्यायचे ते अधिकृत दुकानात, छापील किमतीला, नाव नोंदवून आणि वाट पाहून. जादा पैसे देऊन लगेच हवे असेल, तर त्याला हौस म्हणावे, गुंतवणूक म्हणू नये.