सोळा तासांचा हिशेब

एफ.वाय.ला असताना 'जग जवळ आले आहे' या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले होते. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर विमान सोळा तासांत कापते, असे मी त्या भाषणात ठणकावून सांगितले होते. टाळ्याही पडल्या. ते वाक्य आज मला मागे घ्यावेसे वाटते.

आकडा खोटा नव्हता. एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान १९६० साली लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. वाटेत कोठेही न थांबता मुंबईहून तेथे पोचणे २००७ साली साधले. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. वर्गातल्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जाते. भूगोल विभागातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो चक्क उत्तरेला चढला! बलुचिस्तान, रशिया, नॉर्वे, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, अशी ती खरी जवळची वाट. (सरांनी दोरा जपून वापरायला सांगितले होते, तो गोल जुना आहे.)

पण दोऱ्याला खालची राज्ये दिसत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. शहरे जागची हलली नाहीत, तास मात्र वाढले.

त्याच जूनमध्ये आमची आजी गेली. दादा न्यू जर्सीत नोकरीला. त्याच्या पासपोर्टावरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. तिकडून निघायला आडकाठी नव्हती. परत शिरायला मात्र नवा शिक्का हवा, आणि त्यासाठी मुलाखतीची तारीख. ती केव्हा मिळेल याचा भरवसा नाही, आणि नोकरी तर टिकवायची. दादा आला नाही. प्रीतिसंगमावर बाबा अस्थिविसर्जन करीत होते आणि मी मोबाईल धरून काठावर उभी होते. आपल्याकडे सकाळचे दहा, तिकडे रात्रीचे साडेबारा. दादा एकच वाक्य बोलला, "पाणी जरा दाखव गं."

तेव्हा मित्रहो, माझे म्हणणे असे, की अंतर मोजायचे तर ते कराडच्या आपल्या उंबऱ्यापासून मोजावे. मुंबईपर्यंतची रात्रभराची एस.टी., विमानतळावरचे तीन तास, तिकिटासाठी काढावे लागणारे कर्ज, साहेबाने द्यायची रजा आणि तो शिक्का, हे सारे त्यात धरावे. आपल्या वर्गातले तिघे-चौघे सध्या परदेशी शिक्षणाचे अर्ज भरीत आहेत. त्यांनी जरूर जावे. मी काही त्यांना अडवणारी आजीबाई नव्हे. फक्त घरच्यांना "सोळा तासांत येईन" असे सांगून जाऊ नये.

यंदा स्पर्धेला तोच विषय आला, तर मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे. बक्षिसाचे परीक्षकांनी पाहून घ्यावे.