वजन मोजले, तडा कोण मोजणार?

हलक्या चिलखताची बातमी आली की मथळ्यात किलोग्रॅम झळकतात. एप्रिल 2024 मध्ये डीआरडीओच्या कानपूर प्रयोगशाळेने 7.62 मिमीच्या चिलखतभेदी गोळीला पुरून उरणारे, देशातले सर्वांत हलके बुलेटप्रूफ जॅकेट तयार केल्याचे जाहीर झाले. सप्टेंबरात आयआयटी दिल्लीसोबतचे ‘अभेद’ आले. किमान वजन 8.2 किलो. कौतुक रास्तच आहे. डोंगर चढणाऱ्या जवानाच्या अंगावरून उतरलेला प्रत्येक किलो मोलाचा असतो. खटकते ते एवढेच, की वजनापुढे कोणी काही विचारत नाही.

वजन घटते ते सिरॅमिकमुळे. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला 7.8 ग्रॅम, ॲल्युमिनाची 3.9 आणि बोरॉन कार्बाइडची जेमतेम 2.5. कठीणपणात मात्र बोरॉन कार्बाइड हिऱ्याच्या पंक्तीला बसते. न्यूट्रॉन शोषत असल्याने ते अणुभट्टीच्या नियंत्रण-दांड्यांतही वापरतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभा कवच’ हे जॅकेट घडवले तेही याच पदार्थातून.

गोळी जॅकेटातल्या सिरॅमिक प्लेटवर आदळताच तिचे टोक चेचते, गाभ्याचे तुकडे उडतात. प्लेटही शंकूच्या आकारात फुटते आणि धक्का मागे रुंद पसरतो. उरलेले तुकडे पाठीमागचे पॉलिथिलीनचे किंवा ॲरामिडचे थर झेलतात. डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी सारे आटोपते. प्लेट स्वतः फुटते तेव्हा माणूस वाचतो.

आणि फुटणारी वस्तू गोळीवाचूनही फुटते. ट्रकमधून भिरकावलेली, बराकीतल्या फरशीवर आपटलेली प्लेट वरून धड दिसते. कापड शाबूत आणि आत केसाएवढा तडा. कपबशीचा तडा चहा ओतल्यावर कळतो, प्लेटचा गोळी लागल्यावर. तो आधी कळायचा तर प्लेट क्ष-किरणांखाली धरावी लागते. अमेरिकी लष्कर वापरातल्या प्लेटांची अशी तपासणी करते.

आपल्याकडे 2018 मध्ये आयएस 17051 हे मानक आले, गोळ्यांनुसार दर्जे ठरले. चाचणीत नमुन्याच्या प्लेटांवर गोळ्या झाडायच्या आणि बाकीचा माल त्यांच्या भरवशावर घ्यायचा, याला इलाज नाही. पण खरेदीच्या दिवशीचा हा दाखला काही वर्षे आदळआपट सोसलेल्या प्लेटला कसा पुरेल?

मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या जॅकेटांवरून महाराष्ट्रात केवढे रान उठले होते! त्यातून खरेदीबाबत जागरूकता आली, निगेबाबत तेवढीच यायला हवी. प्रत्येक प्लेटला क्रमांक, ठरावीक मुदतीने क्ष-किरण तपासणी, तिची नोंद आणि तडा दिसताच बाद करण्याचा स्पष्ट हुकूम, यासाठी नवे संशोधन लागत नाही. क्ष-किरण यंत्राचा खर्च निविदेतच धरावा. तो जड वाटत असेल, तर हलक्या जॅकेटाची जाहिरात आधी थांबवावी.