पाच औंसांची गाडी

न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर लाकडाचा भुसा, कानस, पॉलिश पेपर आणि मधोमध वीतभर लांबीची चिमुकली गाडी. दहा मिनिटं तो त्या गाडीबद्दलच बोलत होता. मी विचारलं, "कुणाची रे ही?" म्हणाला, "छोट्याची. पुढच्या शनिवारी शर्यत आहे." छोटे मियाँ, वय वर्षे नऊ, मागे सोफ्यावर टॅबलेट घेऊन बसले होते.

अमेरिकेत कब स्काउटच्या मुलांची ही शर्यत असते, पाइनवुड डर्बी. काही मशिदींच्या आश्रयानेही तिथे स्काउटचे गट चालतात, माझा भाचा अशाच एका गटात आहे. मुलाला एक पाकीट मिळतं. त्यात पाइनच्या लाकडाचा सुमारे सात इंच लांब ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि आसासाठी चार खिळे. एवढ्यातून गाडी करायची. इंजिन नाही, सेल नाही. उतरत्या लाकडी रुळावरून ती फक्त आपल्या वजनावर धावते. दोन-चार सेकंदांत खेळ खलास!

1953 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी ही सुरू केली. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा. मुलं स्वतः बसून उतारावरून गाडी हाकतात त्या मोठ्या सोपबॉक्स शर्यतीसाठी तो लहान पडत होता. म्हणून वडिलांनी छोट्या गाड्यांची शर्यत काढली. बाप-लेकाने मिळून काहीतरी करावं, एवढाच हेतू. (आता 2018 पासून कब स्काउटमध्ये मुलीही आहेत, तेव्हा आई-लेकही म्हणायला हरकत नाही.)

गाडी जलद कशी होते, हे मात्र मी भावाकडून मन लावून ऐकलं. विज्ञान शिकवते ना! वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजे जेमतेम 142 ग्रॅम. ती पूर्ण वापरायची. मी वर्गात नेहमी सांगते की हलकी आणि जड वस्तू एकाच वेगाने खाली पडते. मग वजन कशाला? तर दोन्ही गाड्यांना हवेचा अडथळा जवळपास सारखाच असतो. जड गाडीजवळ उतारावरून मिळालेली ऊर्जा जास्त, त्यामुळे तेवढ्याच अडथळ्याने तिचं नुकसान प्रमाणात कमी होतं. शिवाय उतारावर चाकं फिरवण्यात जी ऊर्जा जाते, तीही जड गाडीला कमी जाणवते. हे वजन मागच्या बाजूला ठेवायचं. रूळ वरून खाली येतो, त्यामुळे सुरुवातीला मागचं वजन जास्त उंचीवर असतं, त्याला खाली यायला जास्त जागा मिळते. पण फार मागे नेलं तर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी डुलते. मागच्या आसाच्या साधारण इंचभर पुढे तोल यावा, असं जाणकार सांगतात.

आणि खरी गोम खिळ्यांत आहे. कारखान्यातून आलेल्या खिळ्याच्या डोक्याखाली बारीक खरखरीत कडा असतात. त्या कानशीने काढायच्या, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने आरशासारखं घासायचं, आणि वरून ग्रॅफाइटची पूड. हो, आपल्या पेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट. चारही चाकं सरळ बसली पाहिजेत, नाहीतर गाडी रुळाच्या पट्टीला घासत जाते. लोक मात्र रंग आणि टोकदार आकार यांतच रात्री घालवतात.

हे सगळं ऐकून मी म्हटलं, "माशाअल्लाह! आणि यातलं छोट्याने काय केलं?"

"आपा, रंग त्यानेच पसंत केला."

मी हसले, पण मला हसायचा हक्क नव्हता. माझी मुलगी सहावीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी रात्रभर बसून पवनचक्की केली होती. तिने डिंकाची बाटली धरली, बस्स. परीक्षकांनी विचारलं, "बेटा, ही तार इथेच का जोडलीस?" तिने उत्तर दिलं नाही, वळून माझ्याकडे बघितलं. दुसरा नंबर आला. ते प्रशस्तिपत्र अजून माझ्याच कपाटात आहे, तिने कधी मागितलं नाही. आणि परीक्षक म्हणून मी स्वतः अशा आयांच्या, अब्बांच्या मॉडेलांना नंबर दिलेत, तेही कबूल करते.

भाऊ म्हणाला, "बाकीचे बाप करतातच. याचीच गाडी मागे राहिली तर?" हा सवाल खोटा नाही. हरलेल्या मुलाचा चेहरा कुठल्या बापाला बघवतो? पण गाडीवर नाव मुलाचं असतं. कुणी विचारलं, "तू बनवलीस?" तर त्याने काय म्हणायचं? कलमा, दुआ, सच बोलणं सगळं आपण शिकवतो आणि या एका "हो"ची तालीम आपल्याच टेबलावर देतो.

करवत बापाने धरावी, ते ठीक. शिसं विषारी, त्याला मुलाचा हात लावू नये. पण आकार काढणं, लाकूड घासणं, खिळे घासणं, ग्रॅफाइट भरणं, तराजूवर ठेवून एकेक ग्रॅम बघणं, हे नऊ वर्षांच्या मुलाला येतं. वाकडंतिकडं येतं, वेळ लागतो. आपल्याला घाई असते.

त्यांच्या गटात मोठ्यांसाठीही वेगळी फेरी असते, हे भावानेच मग सांगितलं. मी म्हटलं, "ही तयार गाडी तुझी. तू त्या फेरीत उतर. छोट्याला नवीन पाकीट आण."

शनिवारी रात्री फोन आला, यावेळी भाच्याचा. गाडी आपल्या गटात चौथी आली. एका बाजूला चपटी, रंग ओघळलेला, कॅमेऱ्यासमोर इतकी जवळ धरली की मला फक्त एक चाक दिसत होतं.

"आणि अब्बूंची?"

"शेवटून दुसरी," तो हळू आवाजात म्हणाला. अब्बू शेजारीच असावेत. "फुफू, त्यांनी खिळे घासलेच नव्हते. मी सांगितलं होतं त्यांना."