हाडांचा ताळेबंद

पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसाची कंबर दुखू लागली, की घरात तो दोष वयाला किंवा गादीला दिला जातो. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र पूर्वी स्तन, प्रोस्टेट किंवा फुफ्फुसाचा कर्करोग झाला असेल, तर रात्रीही न थांबणारे दुखणे अंगावर काढणे योग्य नव्हे. हे कर्करोग अनेकदा हाडांत पसरतात.

हा प्रसार शोधण्यासाठी डॉक्टर ‘बोन स्कॅन’ सुचवतात, आणि अकोला-अमरावतीच्या कुटुंबांची पावले नागपूरकडे किंवा मुंबईकडे वळतात. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या शास्त्राचे काम करीत आहे.

तपासणीत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य फॉस्फेटवर्गीय संयुगाला जोडून शिरेतून देतात. जिथे हाडाची मोडतोड व नवी बांधणी चालू असते, तिथे ते अधिक साचते. सुमारे तीन तासांनी गॅमा कॅमेरा सर्व सांगाड्याचे चित्र घेतो. साध्या क्ष-किरण चित्रात दोष दिसण्यापूर्वी हाडातील बरेच खनिज झिजलेले असते. हे चित्र त्याआधीच इशारा देऊ शकते.

हे द्रव्य साठवून ठेवण्याचा माल नव्हे. दर सहा तासांनी ते निम्मे होते. जणू उलटे चक्रवाढ व्याज. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो. म्हणून ठरलेली वेळ चुकवू नये. आणि म्हणूनच भीतीही अवास्तव नसावी. त्या दिवशी लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून थोडे अंतर राखले म्हणजे पुरे.

या तपासणीला सहसा उपाशी राहावे लागत नाही. उलट इंजेक्शननंतर भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवी करावी लागते. उपवास किंवा चौविहार करणाऱ्यांनी म्हणून सकाळची वेळ मागावी, उकळलेले पाणी सोबत न्यावे आणि आपला नियम डॉक्टरांना आधीच सांगावा.

चित्रातील प्रत्येक गडद ठिपका कर्करोग नसतो. जुना अस्थिभंग, संधिवात किंवा जंतुसंसर्गही तसाच दिसतो. उलट मायलोमासारखा आजार या चित्रातून निसटू शकतो. एका नोंदीवरून ताळेबंद ठरत नाही. जुने अहवाल व चित्रे सोबत न्यावीत, आणि रुग्णापासून निष्कर्ष लपवण्याऐवजी त्याला शेजारी बसवूनच डॉक्टरांचे ऐकावे. शरीर त्याचे आहे. निर्णयातही त्याचा वाटा असावा.